लोडरचा जोड तुटला: वेल्डिंगला नेण्याआधी

प्रश्न: मी संगमनेर तालुक्यातला शेतकरी. सहा एकर बागायत आणि दहा दुभती जनावरे. ट्रॅक्टर बँकेच्या कर्जावर घेतलेला. चौदा महिन्यांपूर्वी डीलरने सुचवलेल्या फॅब्रिकेटरकडून २ लाख १० हजार रुपयांना पुढचा लोडर घेतला आणि डीलरच्याच वर्कशॉपमध्ये बसवला. मागच्या आठवड्यात शेणखत ट्रॉलीत भरताना डाव्या बाजूचे ब्रॅकेट फाटले, बोल्ट उपटले आणि क्लच हाउसिंगचा (क्लचवरच्या बिडाच्या आवरणाचा) तुकडाच निघाला. बकेट खाली आदळली, सुदैवाने कुणाला लागले नाही. डीलर म्हणतो, बाहेरचा लोडर लावला म्हणून वॉरंटी गेली. लोडरवाला म्हणतो, एक वर्षाची गॅरंटी संपली, तुमचा ट्रॅक्टरच कच्चा. तरी फुकट वेल्डिंग करून देतो, एका कागदावर सही द्या. शेजाऱ्यांचे खत मी कधीमधी भाड्याने भरून दिले आहे. मागे वजन लावत नव्हतो. काय करू?

उत्तर: सर्वांत आधी, वेल्डिंग करू नका. हंगाम तोंडावर आहे, ट्रॅक्टर दारात उभा आहे, हप्ता चुकत नाही, हे सगळे मला कळते. तरीही करू नका. कोण खरे आणि कोण खोटे हे त्या तुटलेल्या कडेवर लिहिलेले आहे, आणि वेल्डरने ग्राइंडर फिरवला की ते कायमचे पुसले जाईल.

तुम्ही स्वतःही पाहू शकता. ब्रॅकेटची फाटलेली कड उजेडात धरा, पण पुसू नका, तेल लावू नका. कडेचा काही भाग काळपट, गंजलेला आणि उरलेला चकचकीत दिसत असेल, तर तडा त्या दिवशीचा नाही. तो आधीपासून वाढत होता आणि शेवटी उरलेला धातू एकदम तुटला. कित्येकदा अशा कडेवर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा दिसतात. सगळी कड ताजी असेल, तर एकाच मोठ्या झटक्याने किंवा जादा वजनाने तुटल्याची शक्यता वाढते. पहिली गोष्ट तुमच्या बाजूची, दुसरी त्यांच्या. मला दोन्हींतली कोणती खरी आहे ते नोटीस पाठवण्याआधी कळायला हवे.

म्हणून आजच सगळ्या बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. गावातल्या दोन जाणत्या माणसांसमोर साधा पंचनामा लिहून त्यांच्या सह्या घ्या. बिडाचा तुकडा, ब्रॅकेट आणि उपटलेला प्रत्येक बोल्ट वेगवेगळ्या कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, तो बोल्टची ताकद सांगतो. काहीच आकडा नसेल, तर तेही लिहून ठेवा. फोटो ज्या मोबाइलवर काढले तो विकू नका, त्यातले फोटो पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलमधल्या अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. मग राहुरीच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात चौकशी करून लेखी तपासणी अहवाल मागा. हा खर्च टाळू नका.

शेतकऱ्यांच्या खटल्यांत पुरावा ही नेहमीच दुखरी जागा असते. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या सदोष बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले की सगळे बी पेरून टाकलेल्या शेतकऱ्याकडून तपासणीसाठी नमुना मागता येणार नाही. त्या शेतकऱ्यांकडे नमुना उरलाच नव्हता. तुमचा नमुना गोठ्याशेजारी पडला आहे. तो तुम्हीच वितळवलात, तर ही सवलत मागायला तोंड राहणार नाही. दोष साध्या डोळ्यांनी ठरत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग स्वतः वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, ती सोय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ मध्ये आहे.

आता भाड्याच्या कामाबद्दल. ‘हा धंदेवाईक वापर, म्हणून हा ग्राहकच नाही’ हा समोरच्यांचा पहिला बचाव असेल. कायद्यानेच त्याला उत्तर दिले आहे: स्वतः राबून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली आणि वापरली असेल, तर तो व्यापारी हेतू ठरत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून न्यायालये हेच पाहत आली आहेत की माणूस स्वतः राबतो की नफ्याचा मोठा उद्योग चालवतो. लोडर तुम्ही स्वतः चालवता, आधी आपल्या गोठ्यासाठी, मग शेजाऱ्यांसाठी. हे लपवू नका. तक्रारीत तुम्हीच सांगा, किती वेळा, किती पैसे. उलटतपासणीत बाहेर आले तर बाकीचे खरे बोलणेही संशयात येते.

मागे वजन न लावणे ही तुमची खरी कमकुवत बाजू आहे. बकेट भरली की भार पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि जोडावर येतो, मागचे वजन तो सावरते. वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विक्रेता ग्राहक कायद्याच्या कलम ८७ चा आधार घेऊ शकतो. पण मला एक सांगा: लोडरसोबत मराठीत काही पुस्तिका दिली होती का? किती किलो उचलायचे, मागे किती वजन टांगायचे, बोल्ट किती तासांनी पुन्हा आवळायचे, यातले एक तरी वाक्य कुणी सांगितले का? नसेल, तर योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणे हाच निर्मात्याचा दोष आहे आणि तो कलम ८४ मध्ये स्पष्ट लिहिला आहे. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सर्वांत भक्कम मुद्दा हाच ठरू शकतो. तरी भरपाई काही अंशी कमी होण्याची तयारी मनात ठेवा.

गॅरंटी संपली या बोलण्याला घाबरू नका. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे असते, आणि वस्तू घेतलेल्या कामालाच अपुरी होती हा मुद्दा गॅरंटीच्या तारखेने मरत नाही. जुन्या वस्तूविक्री कायद्याचे कलम १६ हेच सांगते: कशासाठी हवी हे विक्रेत्याला सांगून, त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलेली वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे. डीलरही सुटत नाही. जोडणी त्याच्या वर्कशॉपमध्ये झाली, आणि जोडणी किंवा तपासणी करताना वाजवी काळजी न घेणारा विक्रेता ग्राहक कायद्याच्या कलम ८६ खाली येतो. मात्र लोडर त्याने विकलाच नाही, फक्त बसवला, असे तो म्हणेल. म्हणून सेवेतील त्रुटीचीही तक्रार सोबत हवी. जोडणीचे बिल, त्याने फॅब्रिकेटरचा नंबर पाठवल्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश, पैसे कुणाच्या खात्यात गेले, हे सगळे शोधा. ट्रॅक्टर कंपनीला आत्ता ओढू नका. बिडाच्या ओतकामातच दोष आहे असे अभियंत्याने लिहिले, तरच.

एक बारकावा महत्त्वाचा आहे. उत्पादन दायित्वाखाली, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीच्या जबाबदारीखाली, सदोष वस्तूची स्वतःची हानी किंवा बुडालेले उत्पन्न मिळत नाही, पण त्या वस्तूने दुसऱ्या मालमत्तेची केलेली हानी मिळते. लोडर ही वस्तू, ट्रॅक्टर ही दुसरी मालमत्ता. म्हणून हाउसिंगचा खर्च त्या सदरात मागायचा, आणि लोडरची किंमत व इतर नुकसान सदोष माल व सेवात्रुटीच्या सदरात. दरम्यान नुकसान वाढू देऊ नका. लागेल तिथे दुसरा ट्रॅक्टर भाड्याने घ्या आणि प्रत्येक पावती जपा.

लोडरवाल्याच्या त्या कागदावर सही करू नका. ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असे एक वाक्य त्यात असेल, तर फुकटचे वेल्डिंग दोन-तीन लाखांना पडेल.

विमा कंपनीला मात्र आजच लेखी कळवा. यांत्रिक बिघाड आणि मोडतोड वाहन विम्यातून सहसा वगळलेली असते, त्यामुळे फार आशा धरू नका, पण उशिरा कळवले हे कारण त्यांना देऊ नका. समोरची बाजू मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ही काढेल, वाहनात बदल केला म्हणून. लोडर पिना काढून उतरवता येतो का, आणि ट्रॅक्टरला नवी छिद्रे पाडली होती का, हे मला कळवा.

अहवाल हातात आला की डीलर आणि फॅब्रिकेटर दोघांना पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवू. नंतर अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. तुम्ही दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले आहे.

आणि बँकेचा हप्ता थांबवू नका, तो वाद वेगळा.

लोडर अजून उजव्या जोडावर लटकत असेल, तर आज संध्याकाळच्या आत त्याखाली लाकडी ठोकळे लावून तो जमिनीवर टेकवा. हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या बकेटखाली कुणालाही, विशेषतः पोरांना, जाऊ देऊ नका. फोटो काढतानाही नाही.