युफोर्बियाला थोडं तहानलेलं राहू द्या

ताई, पानं पिवळी पडतायत म्हणून रोज तांब्याभर पाणी घालताय, ते आधी थांबवा. युफोर्बिया मिली, म्हणजे हे काटेरी फुलझाड, मूळचा मादागास्करचा. आपल्या सोलापूरच्या ४२ अंशांना तो भीत नाही, भितो ओल्या मुळांना. शेतातली काळी माती कुंडीत नकोच, पाणी धरून बसते. वाळू, मुरूम, थोडं कुजलेलं शेणखत, बस्स. बोट दोन पेरं खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी.

फांदी लावायची तर कापल्यावर पांढरा चीक धुवा आणि चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या. मी पहिली घाईत लावली, आठवड्यात बुडापासून मऊ पडली. चीक विषारी, डोळ्यात जाऊ देऊ नका; हातमोजे घालाच. आणि हो, त्या लाल पाकळ्या नव्हेत, रंगीत पानं आहेत. खरं फूल मधलं, बारीकसं.