कृषी सल्ला : हवेतला कार्बन मोनॉक्साइड घटतोय, मग पाचट जाळायला काय हरकत?

प्रश्न : उसाचा खोडवा ठेवणार आहोत. जगाच्या हवेतला कार्बन मोनॉक्साइड कमी होत चाललाय असं वाचलं. मग दोन एकरांतलं पाचट पेटवलं तर काय बिघडतं? हा वायू पिकाला बाधतो का?

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. नासाच्या टेरा उपग्रहावरच्या मोपिट या उपकरणाने २००० सालापासून हा वायू मोजला. २००२ ते २०१८ या काळात तो जगभरात वर्षाला सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटला. गाड्यांची सुधारलेली इंजिनं आणि कारखान्यांतलं स्वच्छ ज्वलन ही त्यामागची मोठी कारणं. पण २०१० नंतर घट मंदावली. मोठ्या वणव्यांच्या वर्षी तर आलेख पुन्हा उसळतो. २०१५ मध्ये इंडोनेशियात आगी लागल्या तेव्हा तेच झालं. इंजिनांनी कमावलेलं उघड्या आगी घालवतात, आणि पाचटाची आग त्यांतलीच.

एक टन कोरडे पीक-अवशेष जळाले की सरासरी ९२ किलो कार्बन मोनॉक्साइड निघतो, असं आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या, मार्गदर्शिकेत धरलं आहे. पाचट निघतं हेक्टरी ८ ते १० टन. तुमच्या दोन एकरांचा हिशेब तुम्हीच मांडा. ओलसर पाचट धुमसत राहिलं तर वायू आणखी जास्त.

मोकळ्या शेतात तो पिकाला थेट बाधत नाही. अपाय होतो तो आडवाटेने. हा वायू हवेत एक-दोन महिने टिकतो आणि ऊन व नायट्रोजनची ऑक्साइडं मिळाली की ओझोन तयार व्हायला हातभार लावतो. जमिनीलगतचा ओझोन पानांच्या छिद्रांतून आत शिरतो. गहू आणि सोयाबीनचा उतारा त्याने घटतो.

मला मात्र सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते जमिनीचं. जाळलं की पाचटातला कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे जातो, हाती राख उरते. सेंद्रिय कर्बासाठी आपण शेणखत विकत आणतो आणि रानात पडलेला कर्ब पेटवून देतो, हे बघवत नाही.

तोडणी झाली की पाचट सरीत दाबा आणि बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक द्या. संवर्धक शेणखतात मिसळून पसरा. दोन एकरांना युरियाचं सव्वा पोतं पुरेल. मग पाणी सोडा आणि वाफसा आल्यावर पाचट पायाने तुडवून मातीला चिकटवा. अधांतरी राहिलेलं पाचट लवकर कुजत नाही.