ठोका आलेले इंजिन : बांधण्याआधी कारण शोधा

प्रश्न : ट्रॅकवर पळवायच्या चार सिलिंडरच्या गाडीत लांब वळणावर ऑइलचा दिवा क्षणभर लागायचा आणि गाडी सरळ झाली की विझायचा. काही फेऱ्यांनी खालून ठोका येऊ लागला, तेव्हा इंजिन बंद केले. नवे बेअरिंग टाकून भागेल का?

उत्तर : बहुधा नाही. आणि खात्री करायला म्हणूनसुद्धा इंजिन आता पुन्हा सुरू करू नका. ठोक्यावर चालवत राहिलेल्या इंजिनाचा रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो, मग दुरुस्त करायला काही उरत नाही.

आधी ऑइल फिल्टर कापा. करवतीने नको, तिचा कीस आत मिसळतो. फिल्टर कटर वापरा. कागद उलगडून कणांवरून चुंबक फिरवा. न चिकटणारे तांबूस किंवा चंदेरी कण बेअरिंगचे. चिकटणारे असतील तर लोखंडी भागही झिजला आहे. मग चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, उतरवा. रॉडच्या कॅप काढण्याआधी त्यांवर खुणा करा. त्यांची अदलाबदल चालत नाही.

क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग ज्यावर बसते त्या गोल भागावर) नख अडकेल अशी रेघ असेल, तर नवे बेअरिंगही खराब होणार. जर्नल ग्राइंड करून 0.25 मिमी अंडरसाइज, म्हणजे बारीक झालेल्या जर्नलला बसणारे, बेअरिंग बसवावे लागते. नायट्रायडिंग केलेला (पृष्ठभाग कडक केलेला) क्रँक ग्राइंड केल्यावर ती प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हे टर्नरला आधीच सांगा. निळा-काळा पडलेला रॉड टाकूनच द्या. रॉडचे बोल्ट नवेच घ्या. बसवताना प्लास्टिगेजने (दाबल्यावर चपटा होणाऱ्या मोजपट्टीच्या धाग्याने) जर्नल आणि बेअरिंगमधली फट मोजा. 50 मिमीच्या जर्नलला साधारण 0.05 मिमी फट असते, पण अंतिम आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला.

हमखास राहून जाते ती ऑइल कूलरची गोष्ट. त्याच्या बारीक नळ्यांत अडकलेले कण धुऊन निघतील याची खात्री देता येत नाही आणि पहिल्याच फेरीत ते नव्या बेअरिंगवर येऊन पडतात. कूलर बदला. ब्लॉकच्या ऑइलवाटांचे प्लग काढून त्या ब्रशने घासा. ऑइल पंप उघडून पाहा.

प्रश्न : डिपस्टिकवर पातळी पूर्ण होती. मग ऑइल कमी कसे पडले?

उत्तर : कमी पडले नाही, बाजूला गेले. 1 जी बलाच्या वळणात ऑइलचा पृष्ठभाग 45 अंशांनी कलतो, पिकअप (पंपाची ऑइल ओढणारी नळी) उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. लांब वळणात हे काही सेकंद टिकते, आणि बेअरिंग जायला तेवढे पुरते. म्हणून चेंबरमध्ये झडपांचे बॅफल (ऑइल बाजूला जाऊ न देणारे आडपडदे) बसवा. तरी दाब पडत असेल तर ऑइल ॲक्युम्युलेटर (दाबाखाली राखीव ऑइल ठेवणारी टाकी), आणि स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या शर्यतीच्या टायरवर पळणार असाल तर ड्राय सम्प (ऑइल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना). प्रेशर गेज मात्र आजच लावा. गरम इंजिनात दर 1000 आरपीएमला सुमारे 0.7 बार हा ढोबळ हिशेब. कंपनीचा दिवा त्याच्या कितीतरी खाली लागतो. शर्यतीच्या आरपीएमवर तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रश्न : त्यापेक्षा वापरलेले इंजिन टाकले तर?

उत्तर : चालेल, पण घेण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि लीक-डाऊन (सिलिंडरमधून हवेची गळती) या दोन्ही चाचण्या करा. जुने चेंबर तसेच लावलेत तर हेही त्याच वळणावर जाईल. पहिल्यांदा सुरू करताना स्पार्क प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद करा आणि गेजवर दाब येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. अर्धा तास चालल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला, आणि तो फिल्टरही कापून पाहा. तांबूस चकाकी दिसली तर गाडी ट्रॅकवर नेऊ नका.