फर हे प्रथिन जनुकं बंद ठेवतं, मग फर काढल्यावर सॉडबी हे जनुक चालू व्हायच्या ऐवजी बंद का पडतं?

तुमचे प्रश्न दोन. फरचं जनुक काढलेल्या (फर-डिलीशन) ई. कोलाय जिवाणूत सॉडबीचा एमआरएनए, म्हणजे जनुकाची संदेश-प्रत, जवळजवळ नाहीसा झाला, तर फरला सॉडबीचा अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे ते चालू करणारं, म्हणायचं का? आणि फर लोह धरूनच जनुकं दाबतं, तेव्हा हेच लोह कमी करून दाखवायचं तर डायपिरिडिल (लोह पकडून ठेवणारं रसायन) किती घालायचं?

अ‍ॅक्टिव्हेटर म्हणू नका. सुसान गॉट्समन यांच्या प्रयोगशाळेने 2002 मध्ये याचा निकाल लावलाय, तरी 'म्युटंटमध्ये कमी झालं म्हणजे फर ते चालू करतं' हे वाक्य अजून प्रबंधांत सापडतं. मला त्याची चीड येते, म्हणून हे लांबणार आहे.

फेरस लोह धरलेली फरची जोडी ज्या प्रमोटरांवर (जनुक वाचायला सुरुवात होते त्या डीएनएच्या जागांवर) बसते, त्यांत रायबीचाही प्रमोटर आहे. रायबी, अक्षरं सुटी करून आर-वाय-एच-बी, हा 90 न्यूक्लिओटाइडचा छोटा आरएनए. फर नसलं की तो सतत तयार होतो, एचएफक्यू या प्रथिनाच्या मदतीने सॉडबी एमआरएनएवर रायबोसोम बसण्याच्या जागीच चिकटतो, आणि मग आरएनेझ-ई हे एन्झाइम तो एमआरएनए कापून टाकतं. म्हणजे फर सॉडबीला हातही लावत नाही; सॉडबीला दाबणाऱ्याला ते दाबून ठेवतं. लोहटंचाईत पेशीला हे परवडतं, कारण सॉडबीपासून बनणारं, विषारी सुपरऑक्साइड संपवणारं लोहाचं एन्झाइम नसलं तरी त्याचं काम मँगनीजचं सॉडए करतं, आणि सॉडएवरचा फरचा दाब त्याच वेळी उठलेला असतो.

फर म्युटंट सक्सिनेट हाच एकमेव कार्बनस्रोत असेल तर वाढत नाही, कारण सक्सिनेट वापरणारं एन्झाइम, सक्सिनेट डिहायड्रोजिनेजही, रायबीच्या तावडीत सापडतं. त्याच स्ट्रेनमधून रायबी काढा, वाढ परत येते. एवढ्या एका प्लेटवर वाद मिटतो. म्हणून फक्त वाइल्ड टाइप आणि फर म्युटंट यांची तुलना मी पुरावा मानत नाही. स्ट्रेन चार हवेत: वाइल्ड टाइप (काही न काढलेला मूळ), फर म्युटंट, रायबी म्युटंट आणि दोन्ही काढलेला. सॉडबी चौथ्यात परत आलं तर रस्ता रायबीमधून जातो. सक्सिनेट प्लेटवर तीन-चार दिवसांनी उगवलेल्या एकट्यादुकट्या मोठ्या कॉलनी मोजू नका, त्या सप्रेसर, म्हणजे दुसऱ्याच उत्परिवर्तनाने दोष झाकलेल्या, असू शकतात.

आता डायपिरिडिल. एलबी या नेहमीच्या पोषक माध्यमात 250 मायक्रोमोलर. 100 मिलिमोलर स्टॉक इथेनॉलमध्ये करा, म्हणजे 400 पट विरळ होतो, आणि कंट्रोलला तेवढंच इथेनॉल द्या. मिनिमल माध्यमात हे प्रमाण फार होतं, तिथे बरंच खालून सुरुवात करा. ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) 0.4–0.5 ला घाला आणि 0, 5, 15, 30 मिनिटांना नमुने घ्या. दोन तासांनी घेतलेल्या नमुन्यात लोहाचा परिणाम कुठला आणि वाढ मंदावल्याचा कुठला, हे वेगळं करता येत नाही. 10 मिलि कल्चरला 5 टक्के फिनॉल असलेलं बर्फगार इथेनॉल 1.25 मिलि घालून तिथेच थांबवा.

आरएनए सिलिका कॉलमवर काढू नका. बहुतेक किट 200 न्यूक्लिओटाइडखालचं वाहून घालवतात, आणि मग 'रायबी दिसतच नाही' म्हणून लोक डोकं धरून बसतात. गरम फिनॉलने काढा, नॉर्दर्न ब्लॉट (जेलवर वेगळे केलेले आरएनए ओळखायची पद्धत) करा.

डायपिरिडिल जस्त आणि तांबंही पकडतं, म्हणून लोह परत घालायचा कंट्रोल सोडू नका. एका लोहाला तीन रेणू लागतात, तेव्हा 250 ला साधारण 83 मायक्रोमोलर. 100 मायक्रोमोलर फेरस सल्फेट पुरतं. ते 10 मिलिमोलर एचसीएलमध्ये त्याच दिवशी बनवा. पिवळं पडलेलं फेकून द्या. लोह घातल्यावर माध्यम लालसर होतं, त्यामुळे ओडी फुगतो. ब्लँकही त्याच लाल माध्यमाचा लावा.

हो, फर कधीच कुठलंही जनुक थेट चालू करत नाही असंही नाही. एफटीएनए या लोहसाठ्याच्या जनुकावर ते एच-एनएस हे दाबणारं प्रथिन बाजूला सारून बसतं, हे थेटच झालं. शिवाय हे सगळं ई. कोलायचं आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरीत लोह नसलेलं फरसुद्धा डीएनएवर बसून दाबतं, आणि घटसर्पाच्या जिवाणूत विषाच्या जनुकावर डीटीएक्सआर हा वेगळाच पहारेकरी असतो.

फर सॉडबीवर बसत नाही हे जेल-शिफ्टने (प्रथिन बसलेला डीएनए जेलमध्ये मागे राहतो, त्या चाचणीने) दाखवायचा मोह होईल. तेव्हा नेहमीचा टीबीई बफर वापरू नका, त्यातला ईडीटीए धातू ओढून घेतो आणि मग काहीच कुठे बसत नाही. फेरस हवेत टिकत नाही म्हणून बफरमध्ये आणि जेलमध्ये 100 मायक्रोमोलर मँगनीज ठेवा, आणि शेजारच्या लेनमध्ये रायबीचा प्रमोटर चालवा. त्याचा पट्टा मागे राहिला नाही तर सॉडबीच्या लेनकडे बघूही नका.