हाताने अ‍ॅनिमेशन शिकायचंय? मग आधी हे कर

अरे, दहा कोर्स एकदम सेव्ह करून ठेवू नकोस, त्याने हात चालत नाही. एकच पुस्तक घे, रिचर्ड विल्यम्स यांचं 'द अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट', २००१ चं आहे पण टायमिंग आणि चालणं इतकं सोलून दुसरीकडे क्वचितच मिळेल, आणि ते वाचायचं नाही तर शेजारी कागद ठेवून प्रत्येक पान काढून बघायचं. सॉफ्टवेअरला पैसे घालवू नकोस, पेन्सिल टूडी किंवा क्रिता फुकट आहेत, भरपूर झाले.

आणि खरा खजिना म्हणजे आवडता सीन यूट्यूबवर पॉज करून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या की दाबत एकेक फ्रेम मागेपुढे बघणं. सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम टिकतं म्हणजे चित्रं १२च, हे स्वतः मोजलंस की कळतं. उसळणारा चेंडू बघ, वर पोचताना चित्रं अगदी चिकटून येतात आणि खाली येताना अंतर वाढत जातं, वजन तिथेच दिसतं. मी आधी सगळी अंतरं सारखी ठेवायचो, चेंडू नुसता तरंगायचा. तू चेंडूच काढ आधी, कॅरेक्टर नंतर.