एका मांजरीने अख्खी जात संपवली का?

प्रश्न : न्यूझीलंडच्या एका बेटावर दीपस्तंभावरच्या एकाच मांजरीने न उडणाऱ्या पक्ष्याची जात संपवली, असे वाचले. कितपत खरे?

उत्तर : पक्षी खरा, मांजरही खरे; ‘एकाच’ तेवढे खोटे. हा लायलचा रेन. कुकच्या सामुद्रधुनीतले स्टीफन्स बेट जेमतेम दीड चौरस किलोमीटरचे. तिथला दीपस्तंभ जानेवारी १८९४ मध्ये पेटला आणि त्याच वर्षी मांजर चिमुकले पक्षी मारून आणू लागले. दीपस्तंभावरचे सहायक डेव्हिड लायल यांनी ते जपून अभ्यासकांपर्यंत पोहोचवले. वॉल्टर रॉथशिल्ड यांनी वर्षाच्या आतच जातीचे नामकरण केले.

लायल यांना जिवंत पक्षी दोनदाच दिसला, दोन्ही वेळा संध्याकाळी. खडकांच्या भोकांतून बाहेर पडून तो उंदरासारखा सुरकन पळे, उडाला नाही. आखूड, गोलसर पंख आणि छातीच्या हाडाचा खुजा कणा हे त्याचे कारण. उडण्याच्या स्नायूंना आधार देणारा हा कणाच खुजा, मग उड्डाण कुठून होणार? जमिनीवरच्या शिकाऱ्यापासून सुटायला पायांखेरीज काहीच नव्हते. मांजरे रानात पसरली, पिल्ले वाढली. शिवाय दुर्मीळ पक्ष्याला संग्राहक पैसे मोजत. मार्च १८९५ मध्येच ‘बहुधा नामशेष’ अशी बातमी छापून आली. मांजरे मात्र बेटावरून पूर्ण हटवायला १९२५ उजाडले. पक्ष्याचे जेमतेम पंधरा-सोळा नमुने आज संग्रहालयांत आहेत.

प्रश्न : एवढ्याशा बेटावर ही जात निर्माण कशी झाली?

उत्तर : तिथे झालीच नाही! हाडे न्यूझीलंडच्या दोन्ही मोठ्या बेटांवर सापडली आहेत. वटवाघळांखेरीज जमिनीवरचे सस्तन प्राणीच नसल्याने इथे न उडून भागत होते. माओरींच्या (न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या) पूर्वजांबरोबर सुमारे ७०० वर्षांपूर्वी किओरे हा उंदीर आला. तो निशाचर, आणि जमिनीलगतची अंडी-पिल्ले त्याला आयतीच. मोठ्या बेटांवरून रेन गेला. स्टीफन्सवर उंदीर पोहोचला नव्हता, म्हणून तिथेच उरला. मांजरांचा दोष आहेच, पण त्यांनी मारले ते शेवटचे उरलेले पक्षी. ही गोष्ट सांगताना उंदीर नेहमी गाळला जातो, हे मला खटकते.

म्हणूनच न्यूझीलंडच्या राखीव बेटांवर जाताना आज पिशव्या, बूट, तंबू, खाण्याचे डबे उघडून तपासतात. उतरण्याच्या जागी सापळे लावलेले असतात. एखादी गाभण उंदरीण निसटली तरी पुरते.