जुन्या यहुदी आणि ख्रिस्ती ग्रंथांत 'देवाचं रहस्य' म्हणतात ते नक्की काय? देव कळूच शकत नाही असं का? आणि हे ग्रीकांच्या गुप्त पंथांतून आलंय का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. या ग्रंथांत देवाचं रहस्य म्हटलं की देव माणसाला कळूच शकत नाही असा अर्थ घ्यायचा का, आणि हे सगळं ग्रीकांच्या गुप्त दीक्षा देणाऱ्या पंथांतून आलंय का. दुसऱ्याचं उत्तर लहान आहे, ते मधे देतो. पहिल्याला जरा वेळ लागेल कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते.

आपण रहस्य म्हणतो तेव्हा डोक्यात येतं ते अगम्य, अथांग, शब्दांपलीकडचं असं काहीतरी. या ग्रंथांत मात्र बहुतेक ठिकाणी रहस्य म्हणजे देवाने आधीच ठरवून ठेवलेला बेत. जग कुठे चाललंय, जुलमी राजांचं काय होणार, आपली सुटका कधी, हे त्याच्याकडे ठरलेलं आहे, अजून सांगितलेलं नाही इतकंच, आणि वेळ आली की तो ते कुणाला तरी सांगतो. त्यामुळे वाचताना कळतं की नाही यापेक्षा कधी कळतं आणि कुणाला कळतं इकडे लक्ष ठेवा, मग खूप गाठी आपोआप सुटतात.

बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय घ्या. बाबेलचा (म्हणजे बॅबिलॉनचा) राजा नबुखद्नेस्सर स्वप्न बघतो, त्याची झोप उडते, दरबारातल्या ज्ञानी लोकांना बोलावून म्हणतो अर्थ सांगा, पण स्वप्न काय होतं ते मी सांगणार नाही, तेही तुम्हीच ओळखा, नाहीतर तुमचे तुकडे करीन आणि घरांचे उकिरडे करीन. ते म्हणतात महाराज, असं आजवर कुठल्याच राजाने विचारलेलं नाही, हे फक्त देवच सांगू शकतील आणि देव काही माणसांत राहत नाहीत. मग बंदी म्हणून आणलेला यहुदी तरुण दानीएल मुदत मागतो, घरी येतो, तिघा मित्रांना प्रार्थना करायला सांगतो आणि रात्री त्याला ते उलगडतं. स्वप्नात एक पुतळा होता, सोन्याचं डोकं, चांदीची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय, पावलं अर्धी लोखंडाची अर्धी मातीची, आणि कुणाचा हात न लागता सुटलेला एक दगड येऊन त्या पावलांवर आदळतो की अख्ख्या पुतळ्याचा खळ्यातल्या भुशासारखा चुरा होतो. म्हणजे एकामागून एक साम्राज्यं आणि शेवटी देवाचं राज्य. दानीएल राजाला सरळ सांगतो की मी बाकीच्यांपेक्षा शहाणा आहे म्हणून मला कळलं असं नाही, स्वर्गात रहस्यं उलगडणारा देव आहे.

आता ही गोष्ट बाबेलची असली तरी पुस्तक आजच्या रूपात आलं ते इ.स.पू. 165 च्या आसपास असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तो काळ भयंकर होता. अँटिओकस चौथा या ग्रीक राजाने इ.स.पू. 167 मध्ये यरुशलेमचं मंदिर बाटवलं होतं, सुंता आणि शब्बाथ (सातव्या दिवसाचा विसावा) पाळण्यावर बंदी आणली होती, लोक मारले जात होते. अशा वेळी ज्याच्या हातात काहीच उरलेलं नाही त्याला कुणीतरी सांगतंय की या राजाची पावलं मातीची आहेत आणि हे वर कधीच ठरलंय. मला वाटतं रहस्य या कल्पनेचा जीव इथे आहे. ती रिकाम्या वेळच्या तत्त्वज्ञांची कल्पना नाही, मार खाल्लेल्या लोकांची आहे.

यानंतरचा मोठा टप्पा कुमरानचा, म्हणजे तिथल्या एका यहुदी पंथाचा. मृत समुद्राच्या काठी 1947 पासून गुहांमध्ये चामड्याच्या गुंडाळ्या सापडायला लागल्या, त्यातल्या पहिल्याच खेपेत हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकावरची एक भाष्य होतं, ओळ द्यायची आणि खाली तिचा अर्थ द्यायचा असं. त्यात एक वाक्य आहे जे मला अजूनही धाडसी वाटतं. देवाने हबक्कूकला शेवटच्या पिढीचं काय होणार ते लिहायला सांगितलं, पण काळ कधी पुरा होणार ते त्याला सांगितलं नाही. म्हणजे लिहिणाऱ्या संदेष्ट्यालाच आपण काय लिहितोय ते पूर्ण माहीत नव्हतं! ते कळलं कुणाला, तर कित्येक शतकांनंतर त्या पंथाच्या पुढाऱ्याला, ज्याला ते 'नीतिमान गुरू' म्हणत, देवाने संदेष्ट्यांच्या शब्दांमधली सगळी रहस्यं त्याच्यापुढे उघडली असं तिथे लिहिलंय. आणि थोडं पुढे गेलं की म्हणतात शेवटचा काळ संदेष्ट्यांनी सांगितलं त्याहूनही लांबणार आहे कारण देवाची रहस्यं अचंबित करणारी आहेत. वाट बघून बघून थकलेल्या माणसांचं वाक्य आहे ते, तरी त्यांनी वाट बघणं सोडलं नाही.

या पंथात हे ज्ञान सगळ्यांसाठी नव्हतं. नवा माणूस आला की वर्षभर त्याला शुद्ध जेवणाला हात लावता यायचा नाही, पेयाला तर दुसरं वर्ष संपेपर्यंत नाही, मग कुठे तो पूर्ण सभासद आणि त्याची मालमत्ताही सगळ्यांच्यात जमा. बाहेरच्यांपासून शिकवण लपवायची असा नियमच होता. पण त्याच गुहांत एका उपदेशग्रंथाच्या अनेक प्रतींचे तुकडे मिळालेत आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. त्यात शिष्याला पुन्हा पुन्हा 'तू गरीब आहेस' असं म्हटलंय, आणि याच गरीब माणसाला सांगितलंय की येऊ घातलेल्या रहस्याचा रात्रंदिवस विचार कर. सोबत सल्ले कसले, तर घेतलेलं कर्ज लवकर फेड, पैशापायी स्वतःची इज्जत विकू नकोस, गरिबीतही आईबापाचा मान राख. विश्वाचा बेत आणि घरची उधारी एकाच पानावर.

उलटा आवाजही तितकाच जुना आहे बरं का. अनुवाद या पुस्तकात (मोशेच्या पाचव्या) स्पष्ट म्हटलंय की गुप्त गोष्टी परमेश्वराच्या, आणि प्रकट केलेल्या आपल्या आणि आपल्या मुलाबाळांच्या. इ.स.पू. 180 च्या सुमाराचा यरुशलेमचा शिक्षक बेन सिरा विद्यार्थ्यांना बजावतो की तुझ्या आवाक्याबाहेरचं शोधत बसू नकोस, जे करायला सांगितलंय त्यात लक्ष घाल. हनोखच्या नावाच्या जुन्या यहुदी पुस्तकात तर स्वर्गातून उतरलेले देवदूत माणसांना तलवारी बनवायला, मंत्रतंत्र करायला शिकवतात आणि पृथ्वी रक्ताने भरते. चोरून फोडलेलं रहस्य आणि देवाने स्वतः सांगितलेलं रहस्य यात हे लोक जमीनअस्मानाचा फरक करतात.

ख्रिस्ती लिखाण याच घरातलं आहे. मार्कच्या शुभवर्तमानात (येशूची कथा सांगणाऱ्या पुस्तकात) येशू शिष्यांना म्हणतो की देवाच्या राज्याचं रहस्य तुम्हाला दिलंय, बाहेरच्यांना मात्र सगळं दाखल्यांमधून, म्हणजे गोष्टींमधून. हे ऐकायला कुमरानसारखंच वाटतं, फक्त मार्कमध्ये आतले शिष्यच सारखे गोंधळलेले असतात. येशूचा संदेश गावोगाव सांगणारा पौल इ.स. 55 च्या आसपास करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की आम्ही देवाचं लपलेलं ज्ञान सांगतो, युगांच्या आधी ठरवलेलं, आणि या युगाच्या अधिकाऱ्यांना ते कळलं असतं तर त्यांनी प्रभूला क्रुसावर दिलंच नसतं. म्हणजे दानीएलचाच साचा, बेत देवाचा आणि सत्ताधारी अंधारात, पण पौलाच्या मते तो बेत घडून गेलाय आणि आता गावोगाव सांगायचाय. त्याच पत्रात पुढे तो हेही म्हणतो की मला सगळी रहस्यं कळली पण प्रीती नसली तर मी काहीच नाही.

आणि मग बायबलमधलंच इफिसकरांस पत्र. (हे पौलाने स्वतः नाही तर त्याच्या शिष्याने लिहिलं असं बरेच अभ्यासक मानतात.) तिथे रहस्य काय ते एका वाक्यात सांगून टाकलंय, परराष्ट्रीय (म्हणजे यहुदी नसलेले) लोक यहुद्यांच्या बरोबरीने वारस आहेत, एकाच शरीराचे अवयव आहेत. आपल्याला आज हे वाचून विशेष वाटत नाही, पण यरुशलेमच्या मंदिरात एक कठडा होता आणि त्यावर ग्रीकमध्ये सूचना कोरलेल्या होत्या. त्यातली एक अख्खी शिळा 1871 मध्ये क्लेर्मों-गॅनो या फ्रेंच अभ्यासकाला सापडली, आता इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. त्यावर लिहिलंय की कुणाही परक्याने या कठड्याच्या आत यायचं नाही, पकडला गेला तर होणाऱ्या मृत्यूला तो स्वतःच जबाबदार. या पत्रात मधली आडभिंत पाडली असं म्हटलंय तेव्हा हाच कठडा मनात असेल असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटतं.

आता तुमचा ग्रीक प्रश्न. अथेन्सजवळ एल्युसिसला दीक्षाविधी चालायचे, आत काय पाहिलं ते बाहेर बोलायचं नाही अशी शपथ असायची, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच अभ्यासकांनी पौलाची रहस्याची भाषा तिथून आली असं मांडलं होतं. कुमरान सापडल्यावर ते चित्र पालटलं. रेमंड ब्राउन या अमेरिकन कॅथलिक अभ्यासकाने दाखवून दिलं की पौलाच्या प्रत्येक वापराला यहुदी लिखाणातच जोड मिळते, बाहेर जायची गरज नाही, आणि मला ते पटतं. दीक्षेचं वातावरण ख्रिस्ती लोकांत नंतर आलं, चौथ्या शतकात यरुशलेममध्ये बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन या विधींचा अर्थ माणसाला बाप्तिस्मा झाल्यावरच समजावून सांगत.

मग देव कळतो की नाही? पौलाच्या रोमकरांस पत्राचे 9 ते 11 अध्याय बघा. पौलाचे स्वतःचे यहुदी लोक येशूला मानत नाहीत याचं त्याला इतकं दुःख आहे की त्यांच्यासाठी मी शापित झालो तरी चालेल असं तो म्हणतो. तीन अध्याय झगडून शेवटी तो सांगतो की हे रहस्य आहे, इस्राएलचं (म्हणजे यहुदी लोकांचं) मन कठीण होणं काही काळापुरतं आहे, सगळं इस्राएल तारलं जाईल. रहस्य सांगून झालं. आणि लगेच पुढच्या ओळींत म्हणतो की देवाचे निर्णय किती अगाध, त्याचे मार्ग शोधून न सापडणारे. त्याच्या दृष्टीने दोन्ही खरं आहे, बेत कळला तरी बेत करणारा मुठीत येत नाही.

वाचायचं असेल तर आधी दानीएलचा दुसरा अध्याय आणि लगेच रोमकरांस पत्राचे हे तीन अध्याय, दोन्ही कुठल्याही मराठी बायबलमध्ये मिळतील, एका बैठकीत होतात.